एरिथेमा: बोटाने तपासायची लाली

दवाखान्यातून घरी येताना हातात पडलेल्या कागदांवर हा शब्द कुठे ना कुठे बसलेला असतो. एंडोस्कोपीच्या रिपोर्टात ‘अँट्रममध्ये माइल्ड एरिथेमा’, पायाच्या जखमेच्या केसपेपरवर ‘भोवती एरिथेमा, पू नाही’, बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘एरिथेमा टॉक्सिकम’, लशीच्या माहितीपत्रकात ‘टोचल्या जागी एरिथेमा येऊ शकतो’. मग घरातलं कोणीतरी तो मोबाइलवर शोधतं, समोर एकाहून एक भयंकर फोटो येतात, आणि त्या रात्री घरात कोणी धड झोपत नाही.

एरिथेमा म्हणजे लाली. त्वचेतल्या किंवा आतल्या अस्तरातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, तिथे नेहमीपेक्षा जास्त रक्त भरलं, की ती जागा लाल दिसते. लाजल्यावर गाल लाल होतात तेही एरिथेमाच, आणि पायात जंतुसंसर्ग पसरून पोटरी लालबुंद होते तेही. हा शब्द रोगाचं नाव नाही. केसपेपरवर ‘ताप १०१’ लिहिलं म्हणून टायफॉइड ठरत नाही. डॉक्टरांनी फक्त आढळलं ते नोंदवलेलं असतं. ‘एरिथेमा’चंही तसंच आहे. म्हणून हा शब्द दिसला की घाबरण्याआधी त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते वाचा: कुठे, किती, दुखतंय का, गरम आहे का, पसरतंय का. खरी माहिती तिथे असते.

लाली खरोखर एरिथेमा आहे का, हे घरीही बऱ्यापैकी कळतं. लाल जागेवर बोट दोन-तीन सेकंद घट्ट दाबून धरा आणि उचला. क्षणभर ती जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून वाहिन्यांच्या आतच आहे. दाबल्यावर बाजूला सरकलं आणि परत आलं. हा एरिथेमा. दाबूनही रंग तसाच राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपून त्वचेत साकळलेलं असतं, आणि मग गोष्ट वेगळी होते. बोटाने नीट दिसत नसेल तर काचेचा पारदर्शक पेला त्या जागेवर दाबायचा आणि काचेतून बघायचं. त्वचारोगतज्ज्ञही काचपट्टीने हेच करतात.

ताप आहे आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके आहेत, जे काचेखालीही मावळत नाहीत, अशी जोडी दिसली तर सकाळची वाट बघू नका. पावसाळ्यात आपल्याकडे त्याचं सर्वांत ओळखीचं कारण डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्या की असे ठिपके पायांवर, हातांवर, तोंडाच्या आत दिसू लागतात. मेंदूज्वराच्या एका घातक प्रकारातही ते येतात आणि तिथे तास मोजावे लागतात. गंमत अशी की डेंग्यूमध्येच ताप उतरल्यावर, बरं होण्याच्या टप्प्यात, सगळं अंग लाल होऊन मध्ये मध्ये पांढुरकी बेटं राहिलेली दिसतात. ही लाली दाबल्यावर फिकी पडते, खाजते आणि आपोआप जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र तीच जास्त भीतिदायक वाटते, आणि खरे काळजीचे ठिपके बारीक असल्यामुळे नजरेतून सुटतात.

आता आपल्या कातडीविषयी. वैद्यकाच्या पुस्तकांतले बहुतेक जुने फोटो गोऱ्या कातडीचे. तिथे एरिथेमा गुलाबी, लालभडक दिसतो. गव्हाळ कातडीवर तो मातकट लाल होतो, सावळ्यावर जांभळट किंवा नुसता गडद, आणि काळ्यासावळ्या कातडीवर कधी कधी दिसतच नाही. ‘लाल कुठाय? जरा काळवंडलंय फक्त’ असं म्हणत घरचे आठवडा घालवतात, तोवर आतला संसर्ग पुढे गेलेला असतो. दाबून फिकं पडणंही गडद कातडीवर नीट समजत नाही. म्हणून डोळ्यांवर एकट्यावर विसंबायचं नाही. हाताच्या पंज्याची मागची बाजू ठेवून दोन्हीकडची तुलना करा: उजव्या पोटरीवर शंका असेल तर डाव्या पोटरीवरही हात ठेवा. एक बाजू जास्त गरम लागते का? कातडी ताणलेली, चकचकीत झालीय का? दाबलं की दुखतं का? बघायचं असेल तर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली रंग फसवतात. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. आपल्या कातडीवर त्यातलं पहिलं लपतं. उरलेली तीन लपत नाहीत.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी तर ही बोटाची तपासणी रोजचं काम आहे. माकडहाड, कमरेच्या दोन्ही बाजू, टाचा, खवाटे, डोक्याची मागची बाजू या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते. कूस बदलल्यावर दिसणारी लाली थोड्या वेळात गेली तर ठीक. पण दाबूनही फिकी न पडणारी लाली टिकून राहिली, तर कातडी फाटलेली नसली तरी ती शय्याव्रणाची पहिली पायरी असते. या टप्प्यावर थांबवलं तर जखम टळते. एकदा फाटली की महिनोन् महिने ड्रेसिंग चालतं. दर दोन तासांच्या आसपास कूस बदला, टाचा उशीवरून अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी द्या, चादरीच्या चुण्या आणि ओल काढा. आणि त्या लाल जागेवर तेल लावून चोळू नका. मालीश केल्याने ‘रक्त मोकळं होतं’ ही समजूत पक्की आहे, पण चेंगरलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. सावळ्या अंगाच्या आजोबांच्या पाठीवर लाली शोधत बसण्यापेक्षा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागणारी जागा हाताने शोधा.

रिपोर्टांकडे परत येऊ. मँटू चाचणीत, म्हणजे क्षयासाठी हातावर जी सुई टोचतात तिच्यात, लालीला किंमत नसते. ४८ ते ७२ तासांनी मोजायचा असतो तो कातडीखालचा कडक, बोटाला लागणारा फुगवटा. त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितात. सर्वसाधारणपणे १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आली तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. भोवती रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग पडला पण हाताला काहीच कडक लागत नसेल, तर तो डाग मोजत नाहीत. घरच्यांनी मात्र तो डाग पाहून पोराला क्षय ठरवून टाकलेलं असतं. उलट बाजूही खरी: पॉझिटिव्ह आलेली मँटू म्हणजे क्षय झालाच असंही नाही. क्षयाच्या जंतूंशी शरीराची गाठ कधीतरी पडली आहे, एवढंच ती सुचवते.

एंडोस्कोपीतला एरिथेमा म्हणजे जठराचं अस्तर कॅमेऱ्याला लालसर दिसलं. तिखटाने, वेदनाशामक गोळ्यांनी, दारूने, हेलिकोबॅक्टर जंतूने, किंवा काही खास कारण नसतानाही ते तसं दिसू शकतं. नुसत्या लालीवरून सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल याचा अंदाज नीट बांधता येत नाही. त्यामुळे या एका शब्दावरून कॅन्सरची शंका घेऊ नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: तुकडा तपासायला घेतला का, आणि हेलिकोबॅक्टरची चाचणी केली का. रिपोर्टात व्रण, गाठ, रक्तस्राव असे शब्द नसतील तर उरलेल्याची चर्चा निवांत करता येते.

बाळाच्या कार्डावरचं ‘एरिथेमा टॉक्सिकम’ हे नाव ज्याने ठेवलं त्याला बाळंतिणीची दया आली नसावी. त्यात विषारी काहीच नाही. पूर्ण दिवसांच्या सुमारे निम्म्या बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल डाग आणि त्यांच्या मध्यभागी पिवळट-पांढरे बारीक फोड येतात. आज छातीवर, उद्या मांडीवर. तळहात-तळपाय बहुतेक सुटतात. आठवडा-दोन आठवड्यांत सगळं जातं. आजी म्हणतात ‘गर्मी बाहेर पडतेय’. स्पष्टीकरण चुकीचं असलं तरी काही लावू नका, एवढा त्यातून निघणारा सल्ला बरोबर आहे. बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, तर मात्र पुरळ कुठलंही असो, थेट दवाखाना.

आणखी एका जागी हा शब्द तुमच्या घरात आहे, पण दिसत नाही. सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा एरिथेमावरूनच ठरतो. क्रीम न लावता कातडी जेमतेम लाल व्हायला किती किरण लागतात आणि क्रीम लावून किती, याचं ते गुणोत्तर. प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात. आपण त्याच्या अर्धासुद्धा देत नाही, त्यामुळे ट्यूबवरचं ३० कातडीवर ३० राहत नाही. शिवाय उन्हाची लाली लगेच पूर्ण दिसत नाही. ती वाढत जाऊन १२ ते २४ तासांनी शिगेला पोचते. दिवसभर समुद्रावर फिरून ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी शर्ट घालू शकत नाही, त्याचं कारण हे.

काही आजारांच्या नावातच एरिथेमा आहे. ही नावं म्हणजे जुन्या वैद्यांनी लालीच्या आकारावरून आणि जागेवरून केलेलं वर्गीकरण. कारणं बऱ्याचदा नंतर सापडली. एरिथेमा नोडोसम म्हणजे नडगीवर उठणाऱ्या, हात लावू न देणाऱ्या लालसर गाठी. आठवड्याभरात त्या मुका मार लागल्यासारख्या निळसर होत जातात. अशा गाठी आल्या की आपल्याकडचे डॉक्टर घसादुखीची चौकशी करतात, चालू औषधं विचारतात आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगतात, कारण यामागे क्षय असू शकतो. एक्स-रे टाळू नका. कुष्ठरोगाचे उपचार चालू असताना किंवा झाल्यावर तापासोबत चेहऱ्यावर, हातांवर दुखऱ्या लाल गाठी आल्या तर तो निराळा प्रकार. त्यात नसा आणि डोळे वाचवायचे असतात, म्हणून त्याच दिवशी दाखवावं. औषध ‘लागू पडलं नाही’ असं समजून एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची ठरावीक औषधं, मनाने बंद करणं ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. एरिथेमा मल्टिफॉर्मेमध्ये तळहातांवर, हातांवर नेमबाजीच्या पाटीसारखी वर्तुळात वर्तुळं उठतात, आणि बऱ्याचदा त्याआधी ओठावर बारीक फोडांची जर येऊन गेलेली असते.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी एक नाव आवर्जून लक्षात ठेवावं: एरिथेमा इन्फेक्शिओसम. पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूमुळे मुलांना होतो. थोबाडीत मारल्यासारखे दोन्ही गाल लाल, मग हातापायांवर जाळीदार पुरळ, बाकी मूल खेळतंय. बहुतेकांना औषधही लागत नाही. पण हा विषाणू काही दिवस अस्थिमज्जेतली तांबड्या पेशी बनवण्याची क्रियाच थांबवतो. ज्याच्या तांबड्या पेशी मुळातच लवकर नष्ट होतात त्या, या भागांत बऱ्याच आढळणाऱ्या सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन तेवढ्यात धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं. सिकलसेल असलेलं मूल अशा साथीच्या दिवसांत पांढरंफटक पडलं, धापा टाकू लागलं, तर तातडीने रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचा अशा मुलाशी संपर्क आला असेल तर तिनेही डॉक्टरांना सांगून ठेवावं, विशेषतः पहिल्या वीस आठवड्यांत.

एरिथेमा अब इग्ने शेकाने होतो. भाजण्याइतकी नसलेली उष्णता महिनोन् महिने एकाच जागी लागत राहिली की कातडीवर जाळीसारखी लाली उमटते, पुढे ती तपकिरी होऊन कायमची राहते. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे घोळदार झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ती पिढ्यान् पिढ्या दिसत आली आहे, आणि तिथेच पुढे कधी कधी कातडीचा कर्करोग होतो म्हणून त्याला कांगडी कॅन्सर असंच नाव पडलं. आपल्याकडे कंबरदुखीसाठी रोज घेतलेली गरम पाण्याची पिशवी, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, आणि आता मांडीवरचा लॅपटॉप. जाळी दिसली की शेक थांबवा. लवकर थांबवला तर ती विरते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पायाला शेक घेऊच नये.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आईवडिलांसाठी एरिथेमा मायग्रान्स. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या भागांत गवतातल्या, झाडीतल्या बारीक गोचिडीच्या चाव्यातून लाइम रोग होतो. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत एक लाल चट्टा हळूहळू मोठा होत जातो, वीतभरही होतो. बहुधा दुखत नाही, खाजत नाही. मध्ये पांढरं कडं दिसेलच असं नाही, आणि सावळ्या कातडीवर तो सहज हुकतो. भारतात परतल्यावर असा चट्टा दिसला तर प्रवासाचा उल्लेख आपणहून करा, कारण इथल्या डॉक्टरांच्या रोजच्या यादीत हा रोग नसतो. वेळेत अँटिबायोटिक घेतलं तर बरा होतो.

पण खरं सांगायचं तर आपल्या दवाखान्यांत येणारी बहुतेक लाली या लॅटिन नावांची नसते. ती असते बिब्ब्याची. गुडघ्याला, पोटाला, दाताला बिब्बा लावतात. त्याचं तेल लागलं त्या जागी काळा डाग, भोवती लाली, सूज, पाणी भरलेले फोड. ती असते गाजरगवताची, ज्याची भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातून झाली आणि ज्याने नंतर अख्खा देश व्यापला. शेतात काम करणाऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची वळी लाल होऊन खाजत असतील आणि दर हंगामात तेच होत असेल, तर बांधावरच्या त्या पांढऱ्या फुलांवर संशय घ्या. केसांच्या डायमुळे कपाळाच्या कडेने, ‘काळ्या मेंदी’मुळे थेट नक्षीच्या आकारात येणारी लाली यातलीच. कारण दूर केल्याशिवाय यातली एकही मलमाने जात नाही.

पावसाळ्यातल्या चिखल्यांना लोक किरकोळ समजतात. बोटांच्या बेचक्यातल्या त्या भेगांतून जंतू आत शिरले की पाय लाल, गरम, टणक होतो, थंडी वाजून ताप येतो. जुन्या मराठीत ज्याला धावरे म्हणत ते आणि डॉक्टर ज्याला सेल्युलायटिस म्हणतात ते जवळचे नातेवाईक. मधुमेह असणाऱ्यांना आणि हत्तीरोगाने पाय सुजलेल्यांना हे पुन्हा पुन्हा होतं. इथे एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते: लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा आणि बाजूला वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली तर बोलण्यासारखं फार उरत नाही, दवाखान्यात जायचं. पेन असंच अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींनाही चालतं: एका गांधीभोवती रेघ काढा, २४ तासांत ती तिथून नाहीशी झाली आणि दुसरीकडे उठली तर ते साधं पित्त. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर मात्र पेन टाकून रिक्षा पकडा.

नवं औषध सुरू केल्यावर आलेली लालीही वेगळ्या नजरेने बघायला हवी. फिट्सच्या, गाउटच्या गोळ्या, सल्फा औषधं यांच्यानंतर अंग लाल होऊन कातडी दुखू लागली, डोळे लाल झाले, तोंडात किंवा लघवीच्या जागी सोलवटलं, ताप आला, तर औषधाचा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. खाज असती तर बरं, इथे वेदना असते, हा फरक मोलाचा.

आणि ज्या चट्ट्यावर टाचणी किंवा कापूस लावलेला कळत नाही तो लालसर असो की फिकट, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधही मोफत मिळतं.

आता ज्या गोष्टीबद्दल मला राग आहे ती. लाल दिसलं, खाज आली, की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र केलेली क्रीम आणायची. त्यात बेटामिथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे लाली दोन दिवसांत खरंच जाते आणि क्रीमची कीर्ती घरोघर पसरते. खालचा गजकर्ण मात्र जातच नाही. त्याच्या कडा पुसट होतात, तो पसरतो, आणि मग तज्ज्ञालाही ओळखायला जड जातो. तेच क्रीम चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावत राहिलं तर कातडी पातळ होते, मुरूम येतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. ती लाली घालवायला पुन्हा तेच क्रीम. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर जाऊन बघा, काय होतं ते.

डॉक्टरांना फोनवर किंवा समोर सांगताना ‘अंगावर लाल आलंय’ एवढ्यावर थांबू नका. कधी सुरू झालं, आधी कुठे आलं, दाबल्यावर फिकं पडतं का, गरम आहे का, खाजतं की दुखतं, ताप आहे का, गेल्या महिन्याभरात कोणतं नवं औषध, डाय, खत, तेल हाताखालून गेलं, हे सांगा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, एक जवळून, एक लांबून, आणि शेजारी दुसऱ्या बाजूची निरोगी जागा दिसेल असा. त्यावर फिल्टर नको. जाण्याआधी हळद, चुना, कोरफड, टूथपेस्ट काही लावू नका. खालचा रंग दिसत नाही. घरात लावलेल्या मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत घेऊन जा.